मनात घेतलेली नावं

डॉक्टर पाथ्रीकरांनी पडद्यावर आवडाबाईंचं डोकं फिरवलं, तेव्हा इंद्रजीतने मान खाली घातली. आपल्या आईचं डोकं माऊसच्या एका धक्क्याने असं गरगर फिरावं, हे त्याला बघवेना. तनुजा मात्र बघत राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सासूबाईंच्या डोक्यात काय चाललंय याचा तिला कधी पत्ता लागला नव्हता. आज निदान चित्र तरी समोर होतं.

"हा पिवळा भाग म्हणजे गाठ," डॉक्टर म्हणाले. "डावीकडे, कानाच्या जरा पुढे. या हिरव्या दोऱ्या म्हणजे बोलण्याच्या वाटा. गाठीने त्यांना ढकललंय, अजून तोडलेलं नाही. आणि ही निळी रेघ म्हणजे आम्ही उद्या सकाळी ज्या वाटेने आत जाणार ती. माझ्या हातातलं हत्यार या घडीला नेमकं कुठे आहे, ते ऑपरेशनभर याच चित्रावर दिसत राहतं. गाडीतल्या नकाशासारखं."

इंद्रजीतचे वडील काकासाहेब खुर्चीतून पुढे वाकले. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी उसाच्या रानात पाण्याचे पाट काढले होते, सरळ वाट कुठली आणि वळणाची कुठली हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "बाजूनं जवळ पडतंय की. ही रेघ पुढच्या टोकावरनं कामून आणली?"

"बरोबर पाहिलंत. बाजूने जवळ आहे, पण तिथे हिरव्या दोऱ्या आडव्या येतात. पुढच्या या टोकात माणसांची नावं शोधायचं काम चालतं. ते काम यांच्या बाबतीत गाठीने आधीच जवळजवळ बंद पाडलंय. वस्तूंची नावं त्यांनी जवळजवळ सगळी सांगितली. तुम्ही घरातल्या माणसांचे नऊ फोटो दिले होते, त्यात मात्र फक्त चार नावं आली. माणूस ओळखतात, पण नाव येत नाही. म्हणजे त्या टोकात आता गमावण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. तिथून सरळ आत जाऊ, पूर्ण भूल देऊन. जागं ठेवायची गरज नाही."

काकासाहेबांनी श्वास सोडला, तो खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी जागेपणीच्या ऑपरेशनची गोष्ट काढली, तेव्हापासून त्यांना घास जात नव्हता. डोकं उघडं आणि बाई जागी, तीही फोटो बघत उत्तरं देतेय, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी गंगापूरच्या घरी भाकरी थापता थापता आवडाबाई वाकड्या होऊन पडल्या होत्या, तोंडाला फेस आला होता. त्या दिवसापासून हा माणूस बायकोला झोपेतच सगळं पार पडावं एवढंच मागत होता.

"आणि तो केशरी ठिपका?" तनुजाने विचारलं. "निळी रेघ बरोबर त्याच्यातून चाललीय."

"तो मशीनमधला. त्यांना आत झोपवून तेच फोटो दाखवले होते. तिथे तोंड हलवायचं नसतं, डोकं हलतं. म्हणून नाव मनातल्या मनात घ्यायला सांगतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त जातं, ते असं रंगात दिसतं." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पण गाठीच्या जवळ हे रंग फसवतात. तोंडी नाव येत नसताना इथे रंग दिसतोय, म्हणून आम्ही तो धरला नाही. चार वाजेपर्यंत हा नकाशा पक्का करून यंत्रात भरतो."

इंद्रजीतने सही केली. वाळूजच्या कंपनीत रोज पन्नास कागदांवर सह्या करणारा माणूस, पण या एका सहीला त्याने दोनदा पेन टेकवून उचललं. सगळे उठले. तनुजाही उठली, पण तिचं लक्ष त्या ठिपक्यातून निघेना. तोंडात नाही आणि मनात आहे, असं कसं होईल?

बाहेर येऊन तिने आधी सबाला गाठलं. सबा म्हणजे बोलण्याची तपासणी करणारी पोरगी, शहागंजात वाढलेली, शिक्षण संपवून दोन वर्षांपूर्वी इथे लागलेली. तिच्या टेबलावर आवडाबाईंची फाइल उघडीच होती.

"मॅडम, आई कुठली नावं चुकल्या, बघू?"

"चुकल्या नाहीत, सांगितलीच नाहीत. एक ते पाच. सहा ते नऊ एकदम पटापट." सबाने कागद पुढे सरकवला. सहा ते नऊ म्हणजे दीपमाला, इंद्रजीत, तनुजा आणि नातू कृष्णा. पोटची लेक, पोटचा लेक, सून आणि नातू.

"एक ते पाचला काय म्हणाल्या त्या?"

"मी लिहून ठेवलंय ना. एक, 'मामंजी'. दोन, 'आत्याबाई'. तीनला लाजल्यासारखं केलं, म्हणाल्या 'आमच्या घरचे'. चार, 'थोरले'. पाच, 'जाऊबाई'. मी लई विचारलं, नाव काय, नाव काय. गप बसल्या. किताबात लिहिलंय अगदी तसंच, माणूस ओळखायचा पण नाव नाही."

तनुजा मटकन खुर्चीत बसली. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच ठरवता येईना.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने भर ओसरीत "इंद्रजीत, पाणी आणतोस का?" अशी हाक मारली होती. त्यावर घरात जे झालं ते तीन दिवस पुरलं. चुलत सासू चंपाबाईंनी तर कपाळाला हात लावून बसायचं काम केलं. सगळं शांत झाल्यावर आवडाबाईंनी तिला भांडी घासताना हळूच सांगितलं होतं, "मनात घ्यावं गं. मनातलं कुणाला ऐकू जात नाय. मी रोज घेते." आणि पुन्हा राख लावून तवा घासायला लागल्या होत्या.

"सबा मॅडम, यातलं एकही नाव आई तोंडानं घेत नाहीत. सासरा, सासू, नवरा, थोरला दीर, थोरली जाऊ. गाठ नसती तरी घेतलं नसतं. अडतीस वर्षांत घेतलेलं नाही."

सबाने दोन्ही हात तोंडावर घेतले. "या अल्ला. माझी अम्मी पण अब्बांना 'सबा के अब्बा' म्हणते. आणि मी नंबर मोजत बसले."

"मशीनमध्ये मनात घ्यायला सांगितलं होतं ना?"

"हां."

"मग घेतली असतील. म्हणून तर तो ठिपका."

सबा उठली आणि जवळजवळ पळतच डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. दहा मिनिटांनी परत आली ती उतरलेला चेहरा घेऊनच. "सर म्हणाले, पुन्हा तपासा, आत्ताच्या आत्ता. नावं आली तर ते टोक जिवंत आहे. मग रस्ता बदलायचा आणि काकूंना जागं ठेवायचं. नाही आली तर आधीचंच. पण चारच्या आत."

अडीच वाजले होते.

*

कँटीनमध्ये काकासाहेबांनी आठवड्यात पहिल्यांदा पोह्यांची प्लेट घेतली होती. तनुजाचं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी ती हळूहळू बाजूला सारली.

"म्हंजे आता पुन्हा जागं ठेवायचं म्हणायली तू?"

"दादा, आधी तपासू तरी द्या. ते टोक चांगलं असताना कापलं, तर उद्या शुद्धीवर आल्यावर आई सगळ्यांना ओळखतील, पण नाव कुणाचंच येणार नाही. कृष्णाला हाक कशी मारणार त्या?"

"डॉक्टरनं सांगितलं ते काय खोटं? येवढी मशिनी लावली."

"मशीननं बरोबरच दाखवलं होतं. आपल्यामुळं चुकलं. फोटो आपण दिले."

इंद्रजीत चहाच्या कपाकडे बघत होता. फोटो त्याने दिले होते. आईने जन्मात ज्यांची नावं उच्चारली नाहीत नेमके त्यांचे, कारण घरातल्या अल्बममध्ये तेच होते. "सही झालीय, तनू," तो म्हणाला. "आईला मी सांगून बसलोय, तुला काही कळणार नाही, झोपेतच होईल. आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि मधेच झटका आला तर?"

"तू पण?" तनुजा एवढंच म्हणाली.

काकासाहेबांना बरं वाटलं. मुलगा आपल्या बाजूला आहे. पण बरं वाटलं ते काही फार टिकलं नाही, कारण आपण नेमके कशाला घाबरलोय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. रीतीभातीचं त्यांना तेवढं पडलेलं नव्हतं. पण घाबरलो म्हणण्यापेक्षा रीत म्हणणं सोपं होतं.

तेवढ्यात सबा निरोप घेऊन आली, खोली तयार आहे म्हणून. काकासाहेब तिच्यावरच घसरले. "तू कोण गं आमच्या घरात घुसणारी? तिच्या तोंडून माझ्या मेलेल्या आईचं नाव वदवून घ्यायचं? चार लोकांत? आमच्या घरात असली पद्धत नाय. तुझ्या एका कागदानं सकाळी एक सांगितलं, दुपारी दुसरं. खेळ लावलाय व्हय?"

सबाचे डोळे भरले, पण ती तिथून हलली नाही.

"काय झालं रं येवढं वरडायला?"

दारात सर्जेराव उभे होते. थोरले भाऊ, सगळे त्यांना आबा म्हणत. गंगापूरहून जीपने आलेले, टोपीवर धूळ. विहिरीच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं त्याला आठ वर्षं होऊन गेली होती. कार्याला एकमेकांकडे जात, जेवत आणि पाठ करून बसत. काकासाहेब उठून उभे राहिले. तनुजानेच मग पाया पडून सगळं सांगितलं.

आबांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून धाकट्या भावाच्या समोर बसले. "काकासाहेब नको म्हणतोय ना?"

"व्हय आबा," इंद्रजीत म्हणाला.

"मंग करायलाच पाहिजे. ह्यानं नको म्हणलेली एक गोष्ट आजवर चुकीची निघाली नाय. विहिरीला पण नकोच म्हणलावता."

"आबा, ही थट्टेची जागा हाय का?" आठ वर्षांनंतर भावाशी बोललेलं काकासाहेबांचं हे पहिलं वाक्य.

"थट्टा नाय करायलो." आबांचा आवाज खाली आला. "माझ्या चंपीला दोन साल झाले जाऊन. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं, ठाऊक हाय ना? तू आलता तेराव्याला. जेवून गेला. नुसती बघत राह्यची. मला पाणी लागतंय का भाकर, काय बी सांगता यीना. मला वाटायचं, शिव्या दे, नावानं दे, पण बोल. सून म्हणते ते खरं असंल तर तपासू दे. माझं नाव घ्यायचं तर घेऊ दे. सर्ज्या म्हणू दे."

काकासाहेबांनी इंद्रजीतकडे बघितलं. इंद्रजीत आता त्यांच्याकडे बघत नव्हता, तनुजाकडे बघत होता. थोड्या वेळापूर्वी आपल्या बाजूला असलेला मुलगा कधी पलीकडे गेला, हे त्यांना कळलंच नाही.

"मला तिला डोकं उघडून जागं बघवणार नाय, आबा," ते म्हणाले. खरं ते शेवटी थोरल्या भावासमोरच निघालं.

"तुला कोण आत घेतंय बघायला? तू भाईर बस. माझ्यापाशी."

*

खाटेवर आवडाबाई जाग्याच होत्या. डोक्याला कुठे कुठे गोल चिकट ठिपके लावलेले, उद्या यंत्राला डोकं आणि चित्र जुळवता यावं म्हणून. त्यांना त्यांची खाज येत होती आणि खाजवायला मनाई होती.

तनुजाने सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "परीक्षा व्हती व्हय ती? मला वाटलं, पोरगी उगा इचारायली. येवढी शिकलेली, तिला येवढं बी कळू नये का?"

"आई, तुम्हाला नावं येतात ना?"

"यायला काय झालं! पण घ्यायची कशी?"

"मशीनमध्ये घेतलीत ना मनात?"

आवडाबाईंनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "समद्यांची. तिथं लई आवाज व्हता, ढणढण. म्हणलं इथं कोण ऐकायलंय." आणि लगेच त्यांना आपण काय बोललो याची लाज वाटली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी शिरगणतीला मास्तर आला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मास्तरने विचारलं, सासूचं नाव? एकोणीस वर्षांच्या आवडाने सांगून टाकलं, सरकारी माणूस आहे म्हणून. सासूबाई पाठीमागेच उभ्या होत्या, कडब्याची पेंढी घेऊन. त्या दिवशी सून दिवे लागेपर्यंत अंगणात उभी होती, उपाशी, आणि आल्यागेल्याला सासूबाई कारण सांगत होत्या. त्यानंतर तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. रेशनच्या दुकानात गेल्या तरी शेजारणीला पुढे करून नवऱ्याचं नाव सांगायला लावत. त्यात त्यांना कधी दुःख वाटलं नाही, खरं तर काहीच वाटलं नाही.

"माझ्या भावाचा फोटू का नाय आणला?" त्यांनी एकदम विचारलं. "सांडूचा. माझ्या मायचा. घडाघडा सांगितलं असतं मी."

अल्बममध्ये आवडाबाईंच्या माहेरचा एकही फोटो नव्हता. हे आजवर घरातल्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आई, आता घ्याल का? मोठ्यानं?"

"त्यांनी सांगितल्याबिगर नाय."

"दादांनी सांगितलं तर?"

"जागं ठेवणार म्हणती. दुखंल का गं?"

"डॉक्टर म्हणाले, मेंदूला दुखणं नसतं. कातडीला बधिर करतात. मी विचारून घेतलंय. पण भीती वाटेल, आई. मी खोटं नाही सांगत."

"भीती तर आता बी वाटायली," आवडाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तनुजाचा हात धरला. घट्ट धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

*

तपासणीच्या छोट्या खोलीत सबाने लॅपटॉप उघडला. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. डॉक्टर पाथ्रीकर भिंतीला टेकून उभे होते. दारात काकासाहेब, त्यांच्या मागे आबा आणि इंद्रजीत. आबांना बघून आवडाबाईंनी सवयीने पदर ओढायला हात वर नेला, तो चिकट ठिपक्यांना लागला आणि तिथेच थांबला.

"सांग बाबा आता तिला," आबांनी मागून ढकललं.

काकासाहेबांनी घसा साफ केला. सबाकडे न बघता ते बायकोला म्हणाले, "ही मॅडम इचारंल ती नावं घे. माझी परवानगी हाय. समद्यांची घे. आई नाय आता, वडील नाय. कुणी बोलणार नाय तुला."

"खरंच घेऊ?"

"घे म्हणलं ना."

पहिला फोटो आला. फेटा बांधलेले सासरे. आवडाबाईंनी ओठ ओले केले. "रंगनाथराव," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की सबाला पुढे वाकावं लागलं. डॉक्टरांनी भिंतीवरची पाठ काढली.

दुसरा फोटो. नाकात नथ, डोळ्यांत जरब. इथे बराच वेळ गेला. काकासाहेबांना वाटलं, नाही घेणार. आणि आवडाबाई एकदम मोठ्याने म्हणाल्या, "गोजरबाई." मग कुणी सांगितलं नसताना पुन्हा एकदा, "गोजरबाई." त्यांच्या गालावर लाली चढली होती. अंगणातलं ते उभं राहणं कुठे तरी वसूल झालं असावं. तनुजाने तोंडावर पदर धरला.

"माझा दाखवा आता," आबा मागून म्हणाले.

"सर्जेराव," आवडाबाई म्हणाल्या. पाचवा फोटो आला, "चंपाबाई." आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"टोक जिवंत आहे," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले. "ठिपका खरा होता. देवा, आपण उद्या त्याच्यावरून चाललो होतो."

सबाने तिसरा फोटो मुद्दाम शेवटी ठेवला होता. पडद्यावर काकासाहेब आले, इंद्रजीतच्या लग्नातले, फेट्याचा तुरा जरा वाकडा.

आवडाबाईंनी फोटोकडे बघितलं, मग दारातल्या माणसाकडे बघितलं. गप्प राहिल्या.

काकासाहेबांच्या छातीत काही तरी सुखावलं. सासऱ्याचं घेतलं, सासूचं घेतलं, भावाचं घेतलं, पण आपलं घ्यायला अजून अडतेय बिचारी. असं वाटल्याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. "घे की," ते मऊ आवाजात म्हणाले. "मीच सांगतोय ना. लाजू नको."

"लाजत नाय हो." आवडाबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "शोधायले. हाय तिथंच. हाताला लागंना."

"अगं, माझं नाव. माझं!"

"व्हय की, तुमचंच. इंद्रजीतचे वडील तुम्ही. गंगापूरला घर आपलं. मला साखर कमी लागती ते ठाऊक असलेले तुम्ही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मशीनमधी आलतं वो. मनात घेतलं व्हतं मी. आता तोंडापतुर येतंय अन् जातंय."

इंद्रजीत दारातून आत येऊ लागला तसा डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं. काकासाहेब एक पाऊल पुढे आले, मग त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना. अडतीस वर्षं या बाईने आपलं नाव घेतलं नाही याचा त्यांना कधी अभिमानही वाटला नव्हता, इतकं ते गृहीत होतं. आता ते तिने घ्यावं म्हणून हा माणूस काहीही द्यायला तयार होता.

"दादा," सबा हळूच म्हणाली. "पहिलं अक्षर द्या. तुम्हीच द्या."

"का," काकासाहेब म्हणाले. मग जरा मोठ्याने, "का..."

आवडाबाईंनी डोळे मिटले. ओठ दोनदा हलले.

"काकासाहेब," त्या म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू त्यांचाच त्या आवाजावर विश्वास बसत नव्हता. काकासाहेबांनी खाटेची कड धरली. आबांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

सबाने पाच मिनिटं थांबून तोच फोटो पुन्हा दाखवला, अक्षर न देता. नाव आलं नाही. अक्षर दिलं, आलं. तिने ते तसंच लिहून घेतलं.

"म्हणजे नाव हरवलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "वाट अरुंद झालीय, गाठ दाबतेय म्हणून. आता मी त्या टोकाला हात लावणार नाही. बाजूने जाईन, हिरव्या दोऱ्यांच्या मधून. म्हणून त्या जाग्या हव्यात. मी एकेक जागा हलक्या विजेने तपासणार आणि सबा फोटो दाखवत राहणार. नाव अडलं की तिथे थांबायचं. यामुळे गाठ थोडी मागे राहील कदाचित, ते आत्ताच सांगतो. आणि मधे झटका येऊ शकतो, तेही सांगतो. नवा कागद आणतो, सही पुन्हा लागेल."

"मी करते," आवडाबाई म्हणाल्या. "माझं डोकं हाय. मला सही येती."

डॉक्टर नकाशा बदलायला गेले. बाकीचे एकेक करत बाहेर पडले. सबा लॅपटॉप बंद करून निघाली, तोच काकासाहेब तिच्यापुढे येऊन उभे राहिले. ज्या पोरीला त्यांनी तासाभरापूर्वी भर कँटीनमध्ये नको ते सुनावलं होतं, तिच्यापुढे या माणसाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"मॅडम, उद्या तिच्यापाशी तुम्हीच असणार ना आत?"

"हो दादा. शेवटपर्यंत."

"मला आत येऊ देत नायत." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "माझा फोटू आला अन् ती अडली, तर तुम्ही सांगा तिला. 'का' म्हणा. येवढंच. इसरणार नाय ना?"

"नाही विसरणार."

"एकदा म्हणून दाखवा."

सबाने त्यांच्याकडे बघितलं. "का," ती म्हणाली.

"जरा हळू," काकासाहेब म्हणाले. "ती घाबरलेली असंल."